खिडकीतल्या चिंध्या

एक्स-रे पाहून परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं विडी ओढता?"

राजेश्री हसली. हसता हसता खोकली. पदरावर रक्ताचा ठिपका उमटला.

"मग घरात कोण ओढतं?" डॉक्टर म्हणाले. "तो धूर थांबला नाही, तर माझं औषध चालायचं नाही."

सोबत चतुराबाई आल्या होत्या. राणीसावरगावात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. ही पोर नवी नवरी असताना दोन हंडे घेऊन पळत यायची, ते त्यांना आठवलं.

नवरा, योगीराज, बाहेर गाडीपाशी बडीशेप चघळत उभा होता. "चुलीचा धूर असंल," तो म्हणाला.

"गॅस येऊन आठ वर्षं झाली," चतुराबाई म्हणाल्या. "खोकला तीन वर्षांचा."

घरी पोचल्यावर चतुराबाईंनी ओसरीवरच्या सासऱ्याला विचारलं, "आबासाहेब, तुम्ही ओढता?"

"सुपारीचं खांडबी न्हाई, सिस्टर. विडीचा वास आला तर जेवण जात न्हाई मला."

"राजेश्री, पिंगळीला माहेरी गेलीस की खोकला कसा असतो?"

"खोकला लय कमी ऱ्हातो. आई म्हणती, पाणी मानवतंय."

चतुराबाई नवराबायकोच्या खोलीत गेल्या. एकच खिडकी, ओसरीकडची. तिच्या फटींत लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या. फळीवर काडेपेटी. गोधडीला बारीक गोल भोकं, कडा जळक्या.

त्यांनी योगीराजला आत बोलावलं.

"माहेरी बरं वाटतं, म्हणजे दुखणं या घरातलं. चूल बंद, सासरा ओढत नाही. मग चूल नाही, देव्हारा नाही, अशा खोलीत काडेपेटी कशाला? आणि भर उन्हाळ्यात फटी का बुजवल्या? वारा अडवायला नाही. ओसरीवर वास जाऊ नये म्हणून. योगीराज, तू माझ्याच हातावर जन्मलास. खरं सांग."

त्यानं मान खाली घातली. "वडलांच्या म्होरं कसं ओढू, सिस्टर? रस्त्यावर ओढलं तर कुनीबी येऊन सांगंल त्यांना."

"बापाचा मान राखलास. आणि धूर हिच्या छातीत लपवलास."

"मी सांगून काय झालं असतं?" राजेश्री म्हणाली. "बापलेकात वाकडं."

चतुराबाईंनी चिंध्या उपसल्या आणि खिडकी उघडली. बाहेरून खाकरणं ऐकू आलं.

"लावून घ्या ती," आबासाहेब म्हणाले. "म्हाईत हाय मला, कवापासून. पन उघड्यावर नगं. तेवढी लाज हाय पोराला, ती ऱ्हाऊ द्या."



राजेश्री उठली. खिडकी लावली. खोकत खोकत खालच्या चिंध्या वेचून एकेक फटीत कोंबू लागली. चतुराबाईंच्या मुठीत राहिलेल्या दोन, त्याही तिनं मागून घेतल्या.