सातव्या खांबाची खूण

“या खांबाला तेलाचा वास का येतोय?” वेदिकाने विचारलं.

“खांबच तो! अत्तराचा वास येणार का?” राज म्हणाला.

समर्थ खो खो हसला, पण वेदिकाला हसू येईना. मे महिन्याच्या सुट्टीत तिघं रोज भांडीबाजारामागच्या या जुन्या लाकडी घरात पडीक असायची. इथेच मुलांचं वाचनालय होतं. पावसाळ्याआधी घर दुरुस्त करायचं काम वेदिकाच्या बाबांकडे, रंगनाथमिस्त्रींकडे होतं. त्यांनी सागवानी खांब काढून मागच्या या शेडमध्ये ठेवले होते, तुळया टेकूंवर तोलून धरल्या होत्या. जुन्या सुतारांनी प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आणि त्याच्या तुळईच्या खाचेत एकच खूण कोरली होती. सातव्या खांबाची खूण होती कावळ्याचा पाय.

“खूण तर आहे की!” समर्थ म्हणाला.

“कडा बघ, बोटाला टोचतात. शंभर वर्षांच्या खुणेच्या कडा झिजलेल्या नकोत?”

ती धावत बाबांकडे गेली आणि खांब बदलल्याचा संशय सांगितला. बाबांचा चेहराच उतरला. “हळू बोल! शेडची चावी दोघांकडेच आहे. माझ्याकडे आणि ठेकेदार शेखररावांकडे. आळ कुणावर येईल, सांग?”

 क्षणभर वेदिकाला बाबांचाच संशय आला आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या अध्यक्ष सिंधुबाई काम बघायला आल्या. शेखरराव पुढे पुढे करत होते. राज मात्र कुठेच दिसेना!

“काका,” वेदिका भाबडेपणाने म्हणाली, “सातवा खांब बसवून दाखवा ना!”

“त्यात काय! लांबी, जाडी, सगळं मापात आहे,” शेखरराव ऐटीत म्हणाले.

मजुरांनी खांब उभा केला, जॅकने तुळई खाली आणली. पण खांबाचं टोक काही केल्या खाचेत शिरेना!

“शिरणार कसं?” वेदिका म्हणाली. “जुने सुतार प्रत्येक खाच हाताने वेगळी कोरायचे. एकीचा खांब दुसरीत बसत नाही. हा खांब नकली आहे! जुना दिसावा म्हणून त्याला तेल चोळलंय!”

शेखररावांनी लगेच बोट रोखलं. “बाई, या मिस्त्रीनेच खरा खांब विकला असणार!”

“असं कसं बोलता तुम्ही!” रंगनाथ कसेबसे म्हणाले. सिंधुबाई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

तेवढ्यात राज धापा टाकत आला. “बाई, मागच्या गल्लीत चला! काकांच्या टेम्पोत ताडपत्रीखाली काय आहे बघा!”

“टेम्पो? तो तर गेला मगाशीच!” शेखरराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

“जाणार कसा? सकाळी ताडपत्रीखाली खांबाचं टोक दिसलं, तेव्हाच चाकातली हवा मी सोडली!”

सगळे गल्लीत धावले. ताडपत्री निघाली. आत सागवानी खांब होता, डोक्यावर झिजलेला कावळ्याचा पाय! मजुरांनी तो आणून तुळईखाली धरला. खट्! खांब खाचेत बसला, जरासुद्धा हलला नाही. शेखररावांना कपाळाचा घाम पुसायलाही सुचेना.

“शाब्बास रे पोरांनो!” सिंधुबाई म्हणाल्या. “शेखरराव, तुमचं काम आजपासून बंद. मिस्त्री, मला माफ करा.”

 रंगनाथांनी आपली छिन्नी वेदिकाच्या हातात दिली.

“कुजलेल्या सोळाव्या खांबाच्या जागी नवा बसवायचाय,” ते म्हणाले. “त्याची खूण तू कोर.”