दोघांत एकच पुस्तक

नवशिक्यांसाठीच्या इंग्रजी क्रियापदांचं ते पुस्तक दुकानाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होतं. एकच प्रत. तिने ते डावीकडून धरलं आणि त्याच वेळी उजवीकडून कुणीतरी धरलं. दोघंही वाकलेले, आणि दोघंही सोडायला तयार नाहीत.

"मी आधी हात लावला," ती म्हणाली.

"मी आधी पाहिलं होतं," तो म्हणाला. आवाज शांत, पण पकड घट्ट.

दुकानदारकाकांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि नवीन प्रती यायला तीन आठवडे लागतील असं सांगून टाकलं. तिच्या हातात जेमतेम पंधरा दिवस होते. शर्टांच्या ज्या कारखान्यात ती शिलाईला होती तिथे लाइनवर सुपरवायझर नेमायचा होता. जागा एकच, आणि त्यासाठी मुख्य कार्यालयातून येणाऱ्या बाई तोंडी परीक्षा घेणार होत्या, तीही इंग्रजीत. दादाची बदली झाली होती. महिनाअखेरीस दादा-वहिनी घर हलवणार होते, आणि ही जागा मिळाली तरच तिला इथे स्वतःची खोली घेऊन राहता येणार होतं. नाहीतर बॅग भरून त्यांच्या मागे, पुन्हा शून्यापासून.

यातलं काहीच तिने त्याला सांगितलं नाही. शेवटी काकांनीच तोडगा काढला. अर्धे-अर्धे पैसे द्या, दोन दिवस एकाने ठेवा, दोन दिवस दुसऱ्याने. पहिले दोन दिवस त्याने तिला दिले. "घ्या तुम्ही," तो म्हणाला. "पण कोपरे दुमडू नका."

शिलाई विभागात तिला सगळ्या टाचणी म्हणायच्या. ओठांत सतत टाचण्या धरलेल्या असायच्या म्हणूनही, आणि तोंड उघडलं की टोचायची म्हणूनही. पण दोन दिवसांनी ठरल्याप्रमाणे शेजारच्या चहाच्या दुकानात पुस्तक परत करायला गेली तेव्हा तिची बोलतीच बंद होती. पहिली चाळीस क्रियापदं तिने पाठ केली होती, आणि एकाचंही वाक्य जुळत नव्हतं. तो हसला नाही. त्याने पुस्तक उघडलं आणि एकेक शब्द विचारायला सुरुवात केली. ईट, ड्रिंक, ओपन, क्लोज, ब्रिंग, टेक. शाळेत त्याचं इंग्रजी तिच्यापेक्षा दोन इयत्ता पुढे गेलं होतं, एवढाच फरक. जिथे दोघंही अडायचे तिथे तो काकांच्या दुकानातल्या जाड शब्दकोशात बघून यायचा आणि समासात बारीक पेन्सिलीने लिहून ठेवायचा.

"गोचं वेंट कसं होतं?" तिने एकदा वैतागून विचारलं. "लग्न झालं तरी माणूस इतकं बदलत नाही."

"काही माणसं बदलतात म्हणे."

"तुमचं झालंय?"

"नाही," तो म्हणाला, आणि चहावर फुंकर घालत राहिला... चहा केव्हाच गार झाला होता.

पुस्तक द्यायघ्यायला दोन दिवसांतून एकदा भेटलं तरी पुरलं असतं. पण दोघंही रोज यायला लागले, आणि का येतो हे कुणीच कुणाला विचारलं नाही. वेट या शब्दावर त्याने तिला वाक्य करायला सांगितलं. तिने आय वेट यू असं केलं. मध्ये फॉर घालायचं असतं, असं त्याने सांगितलं.

"आय वेट फॉर यू," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर अर्थ तिच्या कानांपर्यंत पोचला. तो टेबलावरच्या साखरेच्या कणांकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

चौथ्या दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं. कारखाना, जागा, दादाची बदली, सगळं. ऐकता ऐकता त्याने ग्लास खाली ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि उठून पैसे द्यायला गेला. आपण फारच रडगाणं गायलं असेल, असं तिला वाटलं. आपण कापडाच्या कामात आहोत एवढंच तो आधी म्हणाला होता. कुठे, ते तिने विचारलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सुटताना फलकावर यादी लागली. पाच नावं. तिचं दुसरं. तिसरं त्याचं होतं, पुढे लिहिलेलं — कटिंग विभाग. कटिंगची इमारत मागच्या बाजूला होती. फाटक वेगळं, सुटायची वेळ वेगळी. ती यादी तिने तीनदा वाचली. मग चालत चहाच्या दुकानापर्यंत कशी पोचली, ते तिलाही कळलं नाही.

तो आधीच येऊन बसला होता. पुस्तक समोर होतं. शेवटचे दोन दिवस तिचे होते.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याला तू म्हणत होती, आणि तेही अशा वेळी.

"हो."

"कधीपासून?"

"सांगणारच होतो..."

"निकाल लागल्यावर?"

तिने पुस्तक उचललं आणि निघाली. त्याने मागून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. घरी वहिनीने काय झालं म्हणून विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाली. वहिनीने ते खरं मानलं नाही, पण जास्त खोदलंही नाही. नुसती तिच्या केसांवरून हात फिरवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल फाटकावर जमा करून पाचही जणांना कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवलं. ती एका टोकाला, तो दुसऱ्या. मध्ये तीन माणसं आणि बंद दार. हाताला चाळा म्हणून तिने पुस्तक उघडलं आणि एका पानावर थबकली. लेंडपुढे छापलं होतं, उसनं घेणे. बॉरोपुढे, उसनं देणे. त्याने दोन्ही अर्थ खोडून समासात पेन्सिलीने उलटे लिहिले होते. हे पान तिने दहादा वाचलं होतं आणि दरवेळी त्याचं अक्षर बघून तेच खरं धरलं होतं. आता पहिल्यांदाच तिला शंका आली. छापलेलं चुकीचं असेल? की खोडणाऱ्याला तिने चुकायलाच हवं होतं? आणि मग आधीच्या सगळ्या पानांचं काय?

विचारायला माणूस बाकाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो तिच्याकडेच बघत होता. तिने पुस्तक मिटलं.

आत परीक्षक बाईंनी आधी सोपं विचारलं. किती वाजता येता, मशीन कसं सुरू करता. ती उत्तरं देत गेली. मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, शेजारच्या लाइनचं मशीन बंद पडलंय आणि तुमच्याकडे एक जादा आहे, तर तुम्ही काय करता?

मशीन द्यायचं, हे तिला कळलं होतं. देण्याचा शब्द कोणता, एवढंच उरलं होतं. डोळ्यांसमोर एकीकडे सुबक छापील ओळ आली, आणि दुसरीकडे ती बारीक, जरा तिरकी पेन्सिल. बाई वाट बघत होत्या. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. आणि तिला कळलं की राग आपल्याला कालचा आहे, पण विश्वास त्याच्याही आधीचा आहे, आणि तो अजून जागचा हललेला नाही.

"आय लेंड वन मशीन," ती म्हणाली.

बाईंनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "अँड इफ युवर मशीन स्टॉप्स?"

"आय बॉरो."

बाहेर आली तेव्हा तो आत जायला उठला होता. दोघं दारात समोरासमोर आले... आणि एकमेकांना वाट देऊन गेले.

चार दिवसांनी निकाल लागला. जागा तिला मिळाली. दादाने पेढे आणले. वहिनी रडली, मग हसली, मग नव्या खोलीसाठी भांडी काढून बसली. तिला मात्र आनंद नीट घशाखाली उतरेना. चहाच्या दुकानात ती दोन संध्याकाळी जाऊन बसली. तो आला नाही.

सुपरवायझर म्हणून पहिल्याच सकाळी तिच्या लाइनचे सहा शर्ट हॉलच्या टोकाच्या तपासणीच्या टेबलावरून परत आले. जाब विचारायला ती तरातरा गेली, तर टेबलामागे तो बसला होता.

"कटिंगचा कारागीर इथे काय करतोय?"

त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. सहा वर्षं कापायचं मशीन धरून मशीनच्या थरथरीने त्याची तीन बोटं बधिर होत चालली होती. डॉक्टरांनी ते काम सोडायला सांगितलं होतं. हाताला जरा आराम पडेल अशी वरची जागा तेवढी एकच होती. ती हुकली, म्हणून इथे, आधीपेक्षा कमी पगारावर. हे त्याने अगदी सरळ सांगितलं.

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. "आणि तरी मला शिकवत राहिलास."

"फार मोठा करू नकोस मला. लेंड आणि बॉरोचे अर्थ उलटे छापलेत हे मला सातव्या दिवशी कळलं. तू कोण, हे कळून तीन दिवस झाले होते. पेन्सिल घेऊन नुसता बसलो होतो. वाटलं, राहू दे छापलंय तसं. कुणाला कळणार आहे?"

"मग?"

"मग आठवलं, उद्या तू समोर येऊन बसशील. तुझ्याकडे बघायचं कसं, ते सुचेना." तो थांबला. "आणि मी मुद्दाम हरलेलो नाही. जीव तोडून उत्तरं दिली. तुझी माझ्यापेक्षा बरी झाली."

तिला हे ऐकून इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. त्याने दया म्हणून जागा सोडली असती, तर ती तिला जन्मभर टोचली असती.

"चौथ्या दिवशीच सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"हो. चुकलं. सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस, याची भीती होती." त्याने मान वर केली. "मला तू आवडतेस. हे मराठीतच सांगतोय. यात चूक करायची नाहीये."

शिलाईच्या हॉलमध्ये एकेक मशीन थांबत गेलं. तीस जणी सुया तशाच ठेवून इकडे बघत होत्या. नव्या सुपरवायझरने दरडावून त्यांना कामाला लावायला हवं होतं. तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मलाही," ती म्हणाली. मशीन सुरू व्हायला त्या दिवशी बराच वेळ लागला.