‘शेंडेफळ’ होडीतला अनोळखी खलाशी

वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये एका खेळाची परीक्षा, एका चोराचा पाठलाग आणि एका होडीचा प्रवास यांचे यथाशक्ती वर्णन येणार आहे. कथा मुलांची आहे. तथापि ती आरंभापासून अखेरपर्यंत हसऱ्या मुखाने वाचता येईल, असे वचन देण्यास लेखक असमर्थ आहे. ज्या घरातून एक मूल कमी झाले, त्या घराची ही हकीकत होय. धीर धरून वाचावी, ही विनंती.

मे महिन्याची सुट्टी चालू होती. आगरदांडा गावी शरच्चंद्र गद्रे यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, विहिरीच्या कट्ट्यावर तीन मुलांची गंभीर सभा भरली होती. विषय होता ‘नौकानगर’ हा ऑनलाइन खेळ. वर्षभरापूर्वी निघालेला हा नवा खेळ यंदा सर्व मुलांच्या तोंडी झाला होता. त्यात देशोदेशीची मुले एकाच समुद्रावर आपापल्या होड्या घेऊन येत. पहिला पंधरवडा मोफत. त्यानंतर मात्र दरमहा वर्गणी. मुलांचा पंधरवडा येत्या रविवारी संपत होता. सबब, वर्गणी भरावी की न भरावी, याचा निर्णय करणे भाग होते.

“माझं मत इचारशील तर ह्यात काय न्हाय,” कुलदीप म्हणाला. तो आतल्या गावातील भातशेती करणाऱ्या कुटुंबातील मुलगा असून आगरदांड्यास मामाकडे राहून शिकत होता. “होडी घ्यायची, मासं पकडायचं, ते विकून मोठी होडी घ्यायची. राजपुरीचे कोळी हेच करतात. वर त्यांना खाण्याजोगं मासं मिळतं.”

“अरे, पण पाणी बघ ना यार, कसलं खरं वाटतं,” शिवानी म्हणाली. ती शरच्चंद्रांची पुतणी. सुट्टीसाठी पनवेलहून आली होती.

“खरं पाणी बघायचं तर धक्क्यावर चल. फुकट हाय.”

“तुझ्याशी बोलणंच बेकार. कलिंगडवाला फोड कापून देतो ना, तसा हा पंधरवडा आहे. चाखायचं आणि ठरवायचं.”

“कलिंगडवाला फोड मधनं कापतो. ती गोडच लागणार. सालीपाशी काय हाय, ते घरी गेल्यावर कळतं.”

एरवी या वादात शरच्चंद्रांची कन्या अनुया हिचा स्वर सर्वांत वर असता. आज ती आईचा मोबाइल मांडीवर घेऊन मूक बसली होती. अखेर ती म्हणाली, “मला शेंडेफळ दिसली.”

कुलदीप आणि शिवानी दोघे तिच्याजवळ सरकले.

‘शेंडेफळ’ हे अनुयाच्या थोरल्या भावाच्या होडीचे नाव होते. अनुया ही घरातील धाकटी, म्हणून अजेय तिला त्या नावाने चिडवीत असे. आणि नौकानगरात त्याने पहिली होडी बांधली, तेव्हा तिलाही तेच नाव दिले. तांबडी होडी, तिच्यावर पांढरा पट्टा. धक्क्यालगत मासे एकट्याने पकडता येत. परंतु दोर सोडून, खाडी ओलांडून पैलतीरी जायचे, तर या खेळात दोघे लागत. एकाने वल्हे मारायचे, दुसऱ्याने सुकाणू धरायचे. अजेय कुलदीपचा वर्गमित्र होता. परंतु कुलदीपलाही त्याने सुकाणू दिले नाही. “पैलतीराची सफर शेंडेफळाबरोबर. तिला बारा पूर्ण होऊ देत,” असे तो म्हणे, कारण बारा वर्षांखालील मुलांना या खेळात प्रवेश नव्हता.

गतवर्षी श्रावणात अजेयला ताप आला. त्याला अलिबागेस नेले, तेथून मुंबईस नेले. तेथे तो गेला.

त्यानंतर त्या घरात त्याचे नाव कोणी उच्चारीत नसे. त्याची सायकल माळ्यावर गेली. त्याच्या मोबाइलविषयी अनुयाने एकदा विचारले, तेव्हा बाबा इतकेच म्हणाले, “देऊन टाकला.” या वर्षी अनुयास बारा पूर्ण झाली. कुलदीप आणि शिवानी खेळाची परीक्षा करीत होते, त्या पंधरवड्यात ती केवळ धक्क्याधक्क्याने एक तांबडी होडी शोधीत हिंडत होती.

“दिसली म्हणजे तिथंच बांधलेली असेल ना गं,” शिवानी हळू आवाजात म्हणाली.

“बांधलेलीच आहे. पण तिच्यात कुणीतरी बसलं होतं. दादाची निळी टोपी घालून. मी विचारलं, कोण आहे. तर त्यानं लिहिलं, ‘नमस्कार. आपण कोण?’ आणि नाहीसा झाला.”

कुलदीप ताडकन उठला. “फोन कुणीतरी बाजारात इकला असणार. ज्यानं घेतला, तो अजाच्या होडीत बसतोय. चोर हाय. तक्रारीचं बटण दाब.”

अनुयाने ते काढले. पडद्यावर सूचना आली, की तक्रार खरी ठरल्यास सदर खाते व त्यातील होडी कायमची नष्ट करण्यात येईल. तिने अंगठा बटणाजवळ नेला आणि मागे घेतला.

“दाब. परक्यानं बसण्यापेक्षा बुडलेली बरी,” कुलदीप म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून तो पोफळींच्या शेंड्यांकडे पाहत होता.

शिवानीने मोबाइलच काढून घेतला. “थांबा दोघं. एकदा बुडाली की परत येणार नाही. आधी चोर बघू या, मग बटण आहेच.”

त्या दिवसापासून पाळत सुरू झाली. निळी टोपी सकाळी एकदा येई आणि संध्याकाळी एकदा. मासे पकडीत नसे, कोणाशी लढत नसे. नुसती होडीत बसे, वल्हे उचली, पुन्हा ठेवी. तिसऱ्या संध्याकाळी खेळ पाहता पाहता कुलदीपने कान टवकारले.

“फेरीबोटीचा भोंगा ऐकलास? दिघीहून फेरी सुटली की हा येतो, आणि इकडच्या धक्क्याला लागली की जातो. सकाळी पण तसंच. चोर फेरीवर हाय.”

“बाबा पण त्याच फेरीनं येतात,” अनुया उत्साहाने म्हणाली. शरच्चंद्र हे दिघीच्या बाजूस एका गोदामाच्या कचेरीत नोकरी करीत व रोज खाडी ओलांडून जात-येत. “चोर सापडला की त्यांनाच हाक मारू.”

“आणि त्यांनी आधीच बघितलं तर?” शिवानीने विचारले.

“म्हणू, तुम्हाला घ्यायला आलो.”

दुसऱ्या दिवशी तिघे आधीच्या फेरीने दिघीस गेले व परतीच्या फेरीवर एका टेम्पोच्या आडोशास लपून राहिले. माणसे चढली, गाड्या चढल्या. शरच्चंद्रही आले आणि पिशवी खांद्यास लावून, कोणाकडे न पाहता, जिना चढून वरच्या मजल्यावर गेले. भोंगा झाला. अनुयाच्या हातातील पडद्यावर निळी टोपी प्रकट झाली.

तिघे गाड्यांमधून वाट काढीत प्रत्येक मोबाइल न्याहाळू लागले. टेम्पोचालक क्रिकेट पाहत होता. एक नवे जोडपे पाठीमागे किल्ला घेऊन स्वतःचीच छायाचित्रे काढीत होते. दोरखंड सांभाळणारा भिकू त्यांना पाहून ओरडला, “ए पोरांनो, काय कोंबडी हरवलीय का?”

“चोर शोधतोय,” कुलदीपने सांगितले.

“मंग गावला का मला पण दाखवा. माझी चप्पल गेलीय.”

खालच्या मजल्यावर चोर नव्हता. फेरी खाडीच्या मध्यावर आली. तेव्हा शिवानीला युक्ती सुचली. “अनू, शंख वाजव. धक्क्यावर शंख वाजवला की जवळच्या होड्यांमध्ये ऐकू जातो.”

अनुयाने शंख वाजविला. तिच्या मोबाइलमधून स्वर उमटला, आणि लागलीच त्याचा क्षीण पडसाद वरून आला. तिने पुन्हा वाजविला. पुन्हा वरूनच आला. तिघे पायांचा आवाज न करता जिना चढले. कुलदीपने ‘चोर’ हा शब्द ओठांवर तयार ठेवला होता.

वरच्या मजल्याच्या टोकाशी, वाऱ्याकडे पाठ करून शरच्चंद्र बसले होते. त्यांच्या हातात कोपऱ्यात तडा गेलेला एक मोबाइल होता. पडद्यावर तांबडी होडी दोरास हिसके देत होती आणि सुटत नव्हती.

कुलदीपच्या ओठांवरील शब्द तेथेच विरला. तो पाण्याकडे पाहू लागला.

“शंख कोण वाजवतंय, तेच बघत होतो,” शरच्चंद्र मान वर न करता म्हणाले. कोणी सहप्रवासी उभा असेल, असे त्यांस वाटले असावे.

“मी वाजवला, बाबा.”

ते दचकले. मोबाइल लपविण्यासाठी त्यांनी पिशवी उचलली आणि ती तशीच मांडीवर ठेवली.

“तुम्ही म्हणाला होतात, देऊन टाकला.”

“तुझी आई समोर होती, बाळा. तिच्यापुढे काय सांगणार होतो?” मग ते कुलदीपकडे वळून म्हणाले, “तू होतास ना रे, दहाव्याला?”

“व्हय काका. पिंडाला कावळा शिवेना. मोठी माणसं काय काय बोलली. सायकल कुणाला देणार न्हाय, आईला सांभाळू. तरी येईना. मग तुम्ही पुढं झालात आणि हळूच कायतरी बोललात. तवा आला.”

“काय बोललात, बाबा?”

“म्हटलं, तुझी होडी मी बुडू देणार नाही. त्याचं दुसरं राहिलं तरी काय होतं गं? तेरा वर्षांचं पोर.” त्यांनी अंगठ्याने पडद्यावरचा तडा पुसल्यासारखे केले. “वर्गणी थांबली की होडी जाते, असं तो मला सांगायचा. म्हणून भरत राहिलो. रोज येऊन बसतो. पण ही धक्क्यावरून हलतच नाही. वाटलं, मलाच येत नाही.”

“काका, ती एकट्यानं सुटत नाही,” शिवानी म्हणाली. “दोघं लागतात.”

“असं होय?” शरच्चंद्र म्हणाले. “मला कुणी सांगितलंच नाही.”

“मी ते बटण दाबणार होते, बाबा,” अनुया म्हणाली. काय बटण, काय तक्रार, ते शिवानीने सांगितले. ऐकता ऐकता शरच्चंद्रांनी अनुयाचा हात धरला, तो फेरी धक्क्यास लागेपर्यंत सोडला नाही.

घरी अनुयाची आई अनुसूयाबाई ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. शरच्चंद्रांनी तो मोबाइल त्यांच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी त्याकडे क्षणभर पाहिले.

“चार्जर रोज जागचा हललेला असायचा,” त्या म्हणाल्या. “मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तुम्ही रडाल म्हणून.” इतके बोलून त्यांनी सूप बाजूस सारले. “कुठं बसतात हो याच्यात? मला दाखवा.”

त्या सायंकाळी ओटीवर ‘शेंडेफळ’ सुटली. निळ्या टोपीने वल्हे घेतले. सुकाणू अनुयाने धरले. शरच्चंद्रांची बोटे कचेरीच्या कामात तरबेज असली, तरी वल्ह्यावर मुळीच चालत नव्हती.

“काका, डावीकडे. तुमचं डावं,” शिवानी ओरडत होती.

“फुटबॉलमध्ये पण अजा असाच भलतीकडं जायचा,” कुलदीप म्हणाला, आणि एवढ्या दिवसांत प्रथमच त्या घरात अजेयवरून कोणी हसले. हसता हसता अनुसूयाबाईंनी पदर तोंडास लावला, तो बराच वेळ काढला नाही.

होडी दोनदा भोवऱ्यात सापडली, एकदा उलट दिशेने गेली, आणि अखेरीस पैलतीरी पोहोचली. तेथे एक काळा कातळ होता. तेथवर येणाऱ्या प्रत्येक होडीचे नाव त्यावर कोरले जाई, आणि मालकाने खेळ सोडला तरी ते पुसले जात नसे, असा त्या खेळाचा नियम होता. पाहता पाहता असंख्य परक्या नावांखाली एक नवे नाव उमटले : शेंडेफळ. त्याखाली होडी बांधणाऱ्याचे नाव : अजेय.

अनुसूयाबाईंनी पडद्यावरील त्या अक्षरांवरून बोट फिरविले.

रविवारी सभा पुन्हा विहिरीच्या कट्ट्यावर भरली. शिवानीने निकाल दिला. “पाणी सुंदर, शंख झकास. पण पंधरवड्यानंतर तेच तेच आहे. फोड गोड, कलिंगड पाणचट. मी भरणार नाही.”

“मी तर आधीपासनं सांगतोय,” कुलदीप म्हणाला.

राहिली अनुया. शरच्चंद्र तडा गेलेला मोबाइल घेऊन तेथे आले. पुढील महिन्याची वर्गणी भरावयाची काय, असा प्रश्न पडद्यावर होता. खाली दोनच बटणे होती.

“खेळ पैसे देण्याच्या योग्यतेचा आहे की नाही, हे मला कळत नाही,” ते म्हणाले. “तू सांग.”

“नाही भरलं तर होडी जाईल. नाव राहील,” अनुया म्हणाली. “पण आपल्याला ते परत बघता येणार नाही, बाबा.”

“असेल ना पण तिथं?”

“असेल.”

त्यांनी मोबाइल तिच्या हाती दिला. या वेळी तिने अंगठा मागे घेतला नाही. तिने ‘नाही’ दाबले. तांबडी होडी पडद्यावर क्षणभर राहिली, आणि मग नुसते पाणी उरले.

अनुसूयाबाईंनी मुलांस ओल्या खोबऱ्याच्या करंज्या दिल्या आणि कुलदीपच्या मस्तकावर हात ठेवून म्हणाल्या, “त्या दिवशी बटण न दाबता चोर बघायला गेलात, हे फार शहाणपणाचं केलंत, बाळांनो.”

“ती अक्कल शिवानीची, काकू,” कुलदीप म्हणाला. “मी दाबच म्हणत होतो.”

सोमवारी सकाळी शरच्चंद्र नित्याप्रमाणे फेरीवर चढले आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसले. भोंगा झाला. सवयीने त्यांचा हात पिशवीत गेला आणि रिकामा बाहेर आला. धक्क्यावर अनुया उभी होती. शंख तर आता नव्हता. म्हणून तिने दोन्ही तळवे तोंडाशी धरून, शंखासारखा आवाज काढला. फेरी दूर गेली तरी ती तो काढीत राहिली, आणि पैलतीराकडे जाणारे शरच्चंद्र तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

वाचकहो, माझे शिक्षण थोडे आहे, म्हणून शब्दांत काही उणे राहिले असल्यास पदरात घ्यावे. आपण ही कथा शेवटपर्यंत वाचलीत आणि या होडीला सोबत दिलीत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
दादू धर्मा पाटील
मुक्काम आगरदांडा