कड्याकडची चूल

नोलीन क्रॅडक दारातल्या पायरीवर बसून मासा साफ करत होती, तेव्हा पंप गुरगुरला.

छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठायचं. घरातला नळ उघडला की टाकीजवळचा पंप चालू व्हायचा, नळ बंद केला की गप्प. नवरा गेल्यापासून घरात ती एकटीच होती, आणि आत्ता तिचे दोन्ही हात माशाच्या पोटात होते.

"गळत असेल कुठंतरी," म्हणून तिनं एक शिवी हासडली. त्या आठवड्यात तिच्या तोंडात दुसरं काही नव्हतंच. घरपट्टीचं बिल आलं होतं.

या खाडीवर पूर्वी मासेमारी करणारी, शिंपल्यांच्या कारखान्यात बोटं कापून घेणारी माणसं राहायची. मग ऑकलंडच्या पैसेवाल्यांना समुद्राचा शोध लागला. वर्षातून दोन आठवडे राहायला त्यांनी काचेचे महाल बांधले. महालांमुळं जमिनीचे भाव चढले, आणि चढलेल्या भावाची पट्टी नोलीनच्या बोडक्यावर आली. तिचं छप्पर गंजलेलं, भिंतींचा रंग उडालेला. पण खिडकीतून समुद्र दिसतो, हा तिचा गुन्हा. पेन्शन एका हातानं घ्यायची आणि दुसऱ्या हातानं काउन्सिलच्या घशात घालायची.

यंदा तर त्या दरोडेखोरांनी कहर केला. तिच्या एवढ्याशा घरात दोन बिऱ्हाडं धरली. कचरा, सांडपाणी, रस्ते, सगळं दुप्पट. त्यांचा नियम सरळ होता: जिथं चूल आणि भांडी घासायचा नळ, तिथं एक बिऱ्हाड. ही पट्टी कायम झाली तर घर विकण्यावाचून इलाज नव्हता. दलालानं पत्रपेटीत आपलं कार्ड टाकूनसुद्धा ठेवलं होतं, गिधाडासारखं.

तिनं काउन्सिलला फोन लावला.

"मागं दुसरं स्वयंपाकघर आहे, मिसेस क्रॅडक," पलीकडचा लोवेल नावाचा अधिकारी म्हणाला. "विमानातून काढलेल्या फोटोत छप्पर दिसतंय. धुराडंही."

"मागं मातीचा कडा आहे रे! कड्यात कोण राहतं, ससे?"

"धूर निघतोय."

"मग त्या धुराकडनं पट्टी घे! इथं एकच चूल आहे, कळलं? दोनातली एक खोडून टाक."

"कुठली खोडू?"

"कुठलीही खोड! एक ठेव म्हणजे झालं!"

"तसं लिहून घेतो," लोवेल शांतपणे म्हणाला.

संध्याकाळी शेजारचा टिपेने नावाचा म्हातारा, इथल्या मूळ लोकांतला, पंप बघायला आला. दर शुक्रवारी जाळ्यातला एखादा मासा तो नोलीनला आणून द्यायचा; आज हातात पाना होता. त्यानं नळीला कान लावला.

"गळती नाही गं. कुणीतरी नळ उघडतंय आणि बंद करतंय. भाडेकरू ठेवलास आणि मला पत्ता नाही? तरणा आहे का?"

"दात पाडीन तुझे."

"आहेत कुठं?" तो हसला, आणि आत येऊन घरातल्या बोळाच्या टोकाच्या भिंतीला टेकला. लगेच बाजूला झाला.

"ही गरम कशी?"

नोलीननं तळवा टेकवला. भिंतीपलीकडं हातभर फट होती आणि मग कडाच. तरी चुलीमागची भिंत असते तशी ती ऊबदार होती. आणि वास येत होता. मेंढीच्या चरबीत कांदा परतल्याचा. जरा करपवलेला, नोलीनला आवडायचा तसा.

टिपेने पाना उचलून निघाला. जाताना अंगणातल्या नळाखाली हात धुऊन त्यानं डोक्यावर पाणी शिंपडलं. त्याच्या लोकांत दफनभूमीतून बाहेर पडताना शिंपडतात तसं.

"हे कशाला?"

"असू दे," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी लोवेल आला. दारात बूट काढून आत आला, खोल्या बघितल्या, पुन्हा बूट चढवून टेप घेऊन घरामागं गेला. नोलीन स्वयंपाकघरात टेबलाशी बसून राहिली. बघ म्हणावं, माती मोज.

पंप गुरगुरला. थांबला. पुन्हा गुरगुरला.

मागं कपबशी वाजली.

तो बऱ्याच वेळानं परतला, काहीतरी चावत. मिशीला आल्याच्या बिस्किटाचा चुरा लागला होता.

"काय खातोयस?" नोलीननं विचारलं.

तिच्याकडं न बघता तो सरळ चुलीकडं गेला. या वेळी बूटही काढले नव्हते. त्यानं तिच्या चुलीवर हात ठेवून बघितला. ती जिथं बसली होती त्या टेबलाचा फोटो काढला. मग फोन कानाला लावला.

"तक्रार मान्य. एकच चूल आहे, मागची. पुढचा भाग रिकामा, कुणी राहत नाही. खोडा."

"अरे मेल्या, मी बसलेय इथं!"

तिच्या खांद्यावरून हात घालून त्यानं उघडी खिडकी लावली. कडी घातली. बाहेर पडून दार ओढून घेतलं.

नोलीन दाराकडं धावली. मूठ फिरेना.

खिडकीतून तिला टिपेने येताना दिसला, हातात मासा लटकत. तिनं काचेवर बुक्क्या मारल्या. नाव घेऊन ओरडली.

तो खिडकीसमोरून गेला. घरामागं वळला.

मागं दारावर दोनदा टकटक झाली. कुठलं तरी दार उघडलं.

"जिंकलीस म्हणे, नोलीन!"

"मग? त्या दरोडेखोरांना सोडते की काय!" बोळाच्या भिंतीपलीकडून तिचाच आवाज म्हणाला. "ये आत. कांदा परतलाय."

टिपेने हसला. पंप गुरगुरायला लागला; पलीकडं कुणीतरी मासा धूत होतं. मग गप्प झाला.

नोलीननं आपला नळ उघडला. पूर्ण उघडला.

पंप गप्पच होता.