अर्धं कोरं रीळ

“कॅमेऱ्याचं झाकण उघडून बघितलं,” असं तो म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं.

“उजेडात?”

“दारात, उन्हात. एवढंसंच...”

“पावणं, फिल्मला उजेड लागला की ती जळती. एवढीशी न्हाय, चांगली जळती.”

त्याचा चेहराच उतरला. शिरोळचा अभिनंदन. पुण्या-मुंबईत फिरून आला होता, पण चावीच्या जुन्या मूव्ही कॅमेऱ्याची फिल्म धुऊन देणारं कुणी भेटलं नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं, शाहूपुरीत एक पोरगी अजून बापाच्या डार्करूममध्ये काळी-पांढरी फिल्म धुते. ती पोरगी मी, प्राची. लोक मला वेडी म्हणतात, तेही तोंडावर.

“आत काय हाय?”

“आई.” तो कॅमेऱ्याकडंच बघत होता. “मी पाळण्यात असताना गेली. फोटो हायत... पण ती चालायची कशी, तेच मला म्हाईत न्हाय.”

आता यावर नाही कसं म्हणायचं? पण असली फिल्म मी जन्मात धुतली नव्हती.

अंधारात रीळ बोटांनी चाचपलं. वरचे वेढे गेले असणार, आतले कदाचित वाचले असतील. ही फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा जाते – एकदा एका कडेनं, मग रीळ उलटून दुसऱ्या कडेनं. ही एकदाच गेली होती.

“अर्धं कोरं हाय,” मी बाहेर येऊन सांगितलं.

त्यानं लगेच वडलांना, तात्यासोंना, फोन लावला. “तवाबी रीळ मिळत नव्हतं बाबा,” ते म्हणाले. “तुझी आईच म्हणाली, ऱ्हायलेलं अभी रांगाय लागल्यावर काढू.”

त्यानं फोन ठेवला आणि कॅमेरा माझ्यापुढं सरकवला.

“जुनी फिल्म हाय. परत फिरवताना तुटली तर आईसकट जाईल,” मी बजावलं.

“तिनं राखून ठेवलंय की...” तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, “रांगू व्हय?”

नको तेव्हा हसू आलं मला.

समोरच्या बोळात तो चालला, मी कॅमेरा धरला. शेवटी-शेवटी त्यानं कॅमेरा घेतला आणि माझ्यावरच रोखला.

“अरे, वाया घालवतोस!”

“गप चाल की.”

चालायचं कसं, तेच मी विसरले.

रसायनं जमवायला आठवडा गेला, तेवढ्यात तो तीनदा विचारून गेला. मग धुवायला घेतली. तो दाराबाहेर. “झालं काय?” “न्हाय.” “आता?” “गप बस की जरा!” फिल्म कोरी निघाली तर हा परत शाहूपुरीत येईल कशाला? आणि चांगली निघाली... तरी येईल कशाला?

ओली फिल्म काचेच्या खिडकीपाशी धरली. पहिला हातभर काळाठिक्कर.

“गेली?” तो आत आला होता.

“थांब.” मी पुढं सरकवली, भिंग लावलं. पुसट... पण होती. अंगणातून एक बाई चालत येत होती. शेजारच्या कडेला, खाली डोकं वर पाय, अभिनंदन.

“अभी, तुझ्यासारखीच चालती रे आई. डावा हात असा बाहेर टाकून.”

तो भिंगावर वाकला तो उठेचना. उठला तेव्हा डोळे भरलेले.

“माझा डावा हात तू कवा बघितलास?”

“त्या दिवशी. कॅमेऱ्यातनं.”

“कॅमेऱ्यातनं?”

“...जाताना. दर वेळी. या काचेतनं.” जीभ चावून काय उपयोग, बोलून बसले होते. घाईघाईनं कात्री उचलली. “आता मधनं उभी कापायची. प्रोजेक्टरला बारकी पट्टी लागती.”

त्यानं फिल्मचं शेवटचं टोक उजेडात धरलं. एका कडेला त्याची आई, दुसऱ्या कडेला उलटी मी, अवघडून चालणारी.

“नगं कापू,” तो हळूच म्हणाला. “आईच्या शेजारनं तुला कशाला काढायची?”

“मग... आईला चालताना बघायला एकेका चौकटीचा फोटो काढून जोडत बसावं लागंल. लई दिवस जातील.”

“जाऊ देत की. मी रोज येतो.”

मी कात्री खणात टाकली.

“ये. पण काचेपुढनं चालत ये.”