पिवळ्या स्वेटरमधली मुलगी

ताईंच्या मते गाण्याच्या व्हिडिओत गोष्ट एकच असते, नुसते कपडे बदलतात. तो तिला बघतो, ती हसते, मध्ये कुणीतरी कडमडतं, आणि मग तो तोंड पाडून कुठल्यातरी लांबलचक रस्त्याने एकटाच चालत राहतो. भेट, प्रेम, संशय, ताटातूट, सगळं साडेतीन मिनिटांत. एवढ्या वेळात धड चहासुद्धा उकळत नाही. ताई गेली कित्येक वर्षं हे व्हिडिओ संकलित करत होत्या. लोक ढीगभर चित्रण आणून त्यांच्यापुढे ओतायचे आणि ते कापून, जोडून, मागचं पुढे करून ताई त्याची गोष्ट करायच्या. गायक कितीही मठ्ठ असला तरी ताईंच्या हातून बाहेर पडताना प्रेमात पोळलेला वाटतो, असा त्यांचा लौकिक होता.

त्यांची खोली एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीला आतून काळा कागद, टेबलावर दोन पडदे, कायमचा गारठा आणि मागे एक सोफा. त्या सोफ्यावर बसून दिग्दर्शक मंडळी पाय हलवत म्हणायची, "ताई, अजून थोडा फील पाहिजे." फील म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक नसे, आणि ताईंनी विचारायचं सोडून दिलं होतं.

घरी नवरा होता. जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेला. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, म्हणून ताईही मास्तरच म्हणत. आणि एक मुलगी. होती म्हणायचं की आहे म्हणायचं, हे तीन वर्षांत ठरलं नव्हतं. एका जागी बसणं तिला माहीतच नाही म्हणून मास्तर तिला भिंगरी म्हणायचे. गाण्यांमध्ये हिरोच्या मागे जी वीस-पंचवीस पोरं-पोरी नाचतात, त्यांत ती नाचायची. एका सकाळी पिवळा स्वेटर चढवून, अर्धा पाव तोंडात धरून ती निघाली. "आई, शूटिंग आहे, उशीर होईल," असं जिन्यातूनच ओरडली. शूटिंगला ती पोचलीच नाही. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, नको त्या ठिकाणी नको ते चेहरे ओळखायला जाणं झालं. त्या दिवसापासून मास्तर दाराला आतून कडी लावत नव्हते.

नवीन गाणं आलं ते एका बंद पडलेल्या हॉटेलात चित्रित केलेलं. वरच्या मजल्यावरचा लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं. गायक गात गात कॅमेऱ्याकडे येतो आणि त्याच्याभोवती जुनी पत्रं उडतात. सगळं संथ, स्वप्नातल्यासारखं, पण ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळलेले. त्याची एक युक्ती असते. शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्या किरट्या आवाजाबरोबर भराभर ओठ हलवायचे, आणि नंतर ते चित्रण निम्म्या वेगाने चालवायचं. ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि माणूस तरंगायला लागतो. प्रत्यक्ष तिथे उभं राहून पाहिलं तर हसू आवरत नाही, कारण गायक सरड्यासारखा मान उडवत असतो. ताईंकडे चित्रण संथ होऊनच येई, त्यामुळे तो तमाशा त्यांना बघावा लागत नसे.

दुपारी जेवून आल्यावर त्यांनी पहिला टेक लावला. गायक तरंगत आला. कागद तरंगले. बोळाच्या पार टोकाचं दार उघडलं आणि एक मुलगी बाहेर आली.

ती तरंगत नव्हती.

रस्त्याने कुणीही चालावं तशी ती साध्या, नेहमीच्या चालीने येत होती. एक कागद हवेत रेंगाळत खाली उतरत होता आणि ती त्याच्या बाजूने सरळ पुढे निघून आली. चेहरा धूसर होता, हलणारं तोंड तेवढं कळत होतं, कारण कॅमेऱ्याची नजर गायकावर होती. स्वेटर पिवळा होता. उजवा खांदा किंचित वर, मान तिरकी. आपलं मूल ओळखायला आईला चेहरा लागत नाही. ताईंनी चित्र थांबवलं.

दुसऱ्या टेकमध्ये ती होती. तिसऱ्यातही. ताईंनी दिग्दर्शकाला फोन लावला.

"मागच्या दारातून येते ती मुलगी कोण?"

"कुठल्या दारातून, ताई?"

"बोळाच्या टोकाच्या."

"ते दार नाहीये हो. भिंत फार रिकामी दिसत होती, म्हणून एक जुनं दार आणून नुसतं ठोकलंय. मागे विटाच आहेत."

"बरं. पण मुलगी कोण घेतलीत?"

"मुलगी कुठली घेतोय! बजेट बघितलंत का? एक गायक आणि एक पंखा. बस."

ताई विचार करत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि सरळ त्या हॉटेलात गेल्या. पहारेकऱ्याने कुरकुरत वर नेलं. बोळात ओल्या गालिच्याचा वास होता आणि कोपऱ्यात ते कागद झाडून लावलेले होते. दार चार खिळ्यांनी भिंतीला ठोकलेलं होतं. ताईंनी फटीत नख घालून पाहिलं, ते विटेला लागलं. तरी त्यांनी दारावर टकटक केली. पहारेकरी म्हणाला, "बाई, कुणाकडे आलाय नक्की?"

दोन दिवसांनी दिग्दर्शक काम बघायला आला आणि सोफ्यावरून उठूनच उभा राहिला. "ही कुठून आणलीत?"

"होती माझ्याकडे," ताई म्हणाल्या.

"कडक! तो तिच्या नावाने गळा काढतोय, ती मागून येतेय, आणि येड्याला पत्ताच नाही! गोष्ट झाली ना, ताई!"

ताईंना गोष्टीशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता. गाणं लाखो लोक बघतील. लाखांत एकाने तरी हिला कुठेतरी पाहिलं असेल, आणि तो कळवेल. देव, नवस, पोलीस, ज्योतिषी सगळं करून झालेल्या बाईने अजून करायचं काय? त्यांनी ती मुलगी जास्तीत जास्त वेळ दिसेल अशी जोडणी केली. एक चित्र तीन सेकंदांहून जास्त ठेवायचं नाही हा स्वतःचाच नियम त्यांनी मोडला.

गाणं तुफान चाललं. जो तो गायकाला सोडून मागच्या मुलीबद्दलच बोलत होता. ताईंनी घरी मास्तरांना काही न बोलता फोन हातात दिला. मास्तरांची नजर अधू झाली होती. त्यांनी फोन नाकाजवळ नेला आणि गाणं संपेपर्यंत तसाच धरला.

"किती शांत चालतेय गं," ते म्हणाले. "आणि तोंड बघ, गातेय. म्हणजे बरी आहे. कुठेतरी बरी आहे ती."

त्या दिवशी मास्तर पोटभर जेवले. ताईंना वाटलं, काही नाही तरी एवढं तरी झालं.

व्हिडिओखाली लोक काय काय लिहितात ते ताई ओळन् ओळ वाचत. ओळखीचं कुणी निघत नव्हतं. कुणी स्वेटर कुठे मिळेल विचारी, कुणी नुसतेच लाल बदाम चिकटवी. मग एक दिवस एका परक्या माणसाने लिहिलेलं त्यांनी वाचलं. 'बाकी सगळं संथ आणि ही एकटी नेहमीच्या वेगात. म्हणजे शूटिंगच्या वेळी ही पोरगी जिवाच्या आकांताने पळाली असणार. मेहनतीला सलाम.'

धंदा त्यांचा, युक्ती त्यांना पाठ, आणि नाकासमोरची गोष्ट त्यांना एका परक्याने दाखवावी? मुलगी सुखरूप चालताना दिसली, तेवढ्यावरच त्या थांबल्या होत्या. त्यांना तेच बघायचं होतं.

त्यांनी मूळ चित्रण काढलं, वेग खरा केला आणि कळ दाबली.

गायक मान उडवत आला. कागद फडफडत पडले. या चित्रणाला आवाज नसतो, तरी मागचं दार कसं आपटलं ते कळलं.

भिंगरी धावत होती. भिंतीला हात लावत, धडपडत, दोनदा मागे वळून बघत. उघडं तोंड गात नव्हतं. ती आईला हाका मारत होती.

टेक संपला. गायकाने हात खाली टाकले, कुणीतरी त्याला पाण्याची बाटली दिली. भिंगरीही होती तिथे थांबली. गुडघ्यांवर हात टेकून तिने श्वास घेतला. टेक झाला की नाचणाऱ्या पोरी मुकाट पुन्हा पहिल्या जागेवर जातात, तशी ती वळली, टोकापर्यंत गेली, आत शिरली आणि दार ओढून घेतलं.

ताईंनी तोच टेक पुन्हा लावला. दार उघडलं, पण मघापेक्षा उशिरा. ती धावली, पण मघाच्या जागेपर्यंत पोचली नाही.

पुन्हा लावला. या वेळी ती चौकट धरून थोडी उभी राहिली, मग निघाली.

परत कळीकडे गेलेलं बोट ताईंनी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं.

चित्रण म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. हजारदा बघा, ती तीच राहते. याच भरवशावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. इथे मात्र कुणी बघायला बसलं की ती पोर पुन्हा पहिल्यापासून निघत होती. कापताना, जोडताना, नुसतं डोळे भरून बघताना आपण तिला किती वेळा पळवलं? आणि आता लाखो लोक बघत होते. या क्षणीही कुणीतरी बघत होतं.

त्यांनी दिग्दर्शकाला गाठलं. "गाणं काढून टाक. पाया पडते तुझ्या."

"ताई, बरं नाही का तुम्हाला?" तो घाबरून म्हणाला. "आणि काढणार कुठून कुठून? लोकांनी उतरवून घेतलंय. पोरं पिवळे स्वेटर घालून नाचतायत. आता ते आपलं राहिलं नाही."

ताई पायी घरी निघाल्या. सलूनमधल्या पडद्यावर तेच गाणं चालू होतं. बसथांब्यावर दोन मुली एका फोनवर डोकी टेकून तेच बघत होत्या. ताईंनी त्यांच्या फोनच्या पडद्यावर हात धरला. मुली दचकून मागे सरल्या.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर फोन. बाहेर अजून ऊन होतं.

"मास्तर, बंद करा ते."

"अगं, दिवसातून एकदाच बघतो," ते ओशाळून म्हणाले. "दोनदा म्हण फार तर. मध्येच करमेनासं झालं तर अजून एखाद वेळा. तिला बघितलं की घास उतरतो बघ."

सांगावं, तर या माणसाच्या आयुष्यात उरलेलं एकुलतं सुख आपल्या हाताने हिसकावून घ्यायचं. न सांगावं, तर तिकडे ती पळतच राहणार.

"हल्ली मात्र जरा लंगडतेय ती," मास्तर म्हणाले. "तुला सांगणारच होतो. चप्पल चावत असेल. थांब, दाखवतो."

"नको!"

पण मास्तरांनी फोन त्यांच्याकडे वळवून पहिल्यापासून लावलाही होता. गायक तरंगत आला, कागद तरंगले. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. बोळाच्या टोकाचं दार बंदच होतं.

"येईल," मास्तर म्हणाले. "येतेच ती."

दार हळूहळू, बोटभर उघडलं. फटीत कुणी उभं नव्हतं. मग अगदी खाली, जमिनीलगत, पिवळी बाही बाहेर आली आणि बोटांनी गालिचा घट्ट धरला.

मास्तरांचा चेहरा उजळला. "आली बघ," ते म्हणाले.