सव्वादोनचे दोन ठोके

टुक... टुक.

एवढाच आवाज. बंद खोलीत कुणी नखाने काच वाजवावी तसा. बारा वर्षं झाली, पण अजून झोपेत ऐकू येतो. बसा सगळे. दिवा राहू दे तसाच, मोठा करू नका. ही गोष्ट माझी नाही, माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. मी फक्त तिथे होतो.

तेव्हा मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत रात्रीचा पहारेकरी होतो. खाली पंप, वर एक खोली, खोलीत कॉम्प्युटर. कुठल्या टाकीत किती पाणी सोडायचं, पाण्यात औषध किती घालायचं, सगळं त्या कॉम्प्युटरमधल्या फायलींत लिहिलेलं. एक आकडा कुणी बदलला तर आख्खं गाव अंथरुणाला खिळेल. म्हणून रोज रात्री त्या फायली तपासायला एक माणूस यायचा. माझ्या मुलाच्या वयाचा, अबोल. मला काका म्हणायचा.

"प्रत्येक फायलीचा एक ठसा असतो, काका," त्याने मला समजावलं होतं. "आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. फायलीतलं एक अक्षर हललं तरी सगळा ठसा बदलतो. सव्वादोनला कॉम्प्युटर आजचे ठसे यादीतल्या ठशांशी ताडून बघतो. फरक सापडला तर दोनदा वाजतो."

"आजोबा, त्याला हॅश म्हणतात."

असेल बाई. तू त्याचाच पगार घेतेस, तुला जास्त माहीत. आम्ही आपलं ठसा म्हणायचो.

सगळं ठीक असलं की पहाटे जिना उतरताना तो म्हणायचा, "जुळलं, काका. येतो." पंपावरच्या पोरांनी त्याचं नावच 'जुळलं' ठेवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं, रागवायचा नाही.

त्याची बायकोही तिथेच कामाला, संध्याकाळच्या पाळीला. ती घरी जायची तेव्हा हा यायला निघालेला. एका घरात राहून आठवड्यातून एकदा समोरासमोर जेवायची दोघं. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एक छोटी फाइल ठेवली होती, चिठ्ठीसारखी. सुटताना ती लिहायची, 'निघाले.' घरी गेली की घरच्या कॉम्प्युटरवरून त्याच चिठ्ठीत लिहायची, 'पोचले.' तो शब्द दिसला की मगच हा डबा उघडायचा.

एका रात्री 'निघाले' होतं. 'पोचले' आलंच नाही. पुलाजवळच्या वळणावर तिच्या स्कूटरला ट्रकने... असो.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. तिचं खातं त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं. घरचा कॉम्प्युटर चादरीत बांधून माळ्यावर टाकला. ती चिठ्ठी तेवढी ठेवली, 'निघाले'वर थांबलेली. कुणाचा चुकूनही हात लागू नये म्हणून तिचा ठसा तपासणीच्या यादीत घातला. "तिच्या हातचं एवढंच उरलंय, काका," म्हणाला.

यादीची एक प्रत कागदावरही असायची. चोर कॉम्प्युटरमधली यादी बदलेल, पाकिटातली कशी बदलेल? त्याने नवी यादी छापली, पाकिटात घालून चिकटवली. जोडावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. पाकीट कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.

वर्ष गेलं. तो यायचा, तपासायचा, जायचा. डबा बहुतेक वेळा तसाच घरी न्यायचा.

मग मार्चमधला तिसरा मंगळवार. सव्वादोन.

टुक... टुक.

मी धावत वर गेलो. "औषधाची फाइल?"

"नाही," तो म्हणाला. "तिची."

नियम असा होता, की न सांगता बदललेली फाइल उघडायची नाही. आत कुणी काय पेरून ठेवलं असेल, नेम नाही. आधी जपून ठेवलेली जुनी प्रत परत बसवायची, मग बदलणारा शोधायचा. त्याने तसंच केलं. कॉम्प्युटरच्या नोंदीत बदलणाऱ्याच्या नावाची जागा मात्र कोरी.

बुधवारी परत. गुरुवारी परत. तीच फाइल, तीच वेळ.

"कोण खेळतंय हो माझ्याशी?" त्याने विचारलं.

शुक्रवारी त्याने बाहेरून येणारी इंटरनेटची वायर उपटून हातात घेतली. मी त्याच्या शेजारी बसलो. पंप बंद होते. त्याच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं.

सव्वादोन.

टुक... टुक.

वायर त्याच्या हातात होती...

त्याचा दुसरा हात जुनी प्रत बसवायला पुढे गेला. मी म्हणालो, "बाबा रे, बदललंय काय, ते वाचलंस का?"

हात थांबला.

"नाही."

"तिन्ही रात्री नाही?"

"नियम आहे, काका..."

त्याने हात मागे घेतला. मग फाइल उघडली.

दोन ओळी. वर 'निघाले.' खाली...

'पोचले.'

तो रडला नाही. "तीन रात्री," एवढंच म्हणाला. "तीन रात्री मीच पुसलं."

ज्याचा धनी सापडत नाही असा बदल मान्य करायचा नाही, हा तिथला पहिला नियम. त्याने 'मान्य'वर बोट ठेवलं. दाबलं.

मग मला म्हणाला, "पाकीट आणा. कागदावरचा जुना ठसा खोडून नवा लिहू." पाकीट शाबूत होतं. सह्या आमच्याच. रीत अशी, की एकाने पडद्यावरचा नवा ठसा वाचायचा, दुसऱ्याने कागदावरच्या जुन्यावर बोट फिरवायचं. पहिल्या दोन-तीन अक्षरांत फरक दिसला की थांबायचं.

"सात," तो म्हणाला.

कागदावर सात होता.

"नऊ."

नऊ होता.

"एफ."

...

माझं बोट पुढे सरकत राहिलं. त्याचा आवाज बारीक होत गेला. ओळ संपली. सगळी, शेवटच्या अक्षरापर्यंत...

वर्षापूर्वी छापलेला कागद. त्यावर 'पोचले'सकटचा ठसा.

"आजोबा, असं होऊच शकत नाही."

तोही तसंच म्हणाला असता, पोरी. कागद माझ्याकडेच आहे, त्या पेटीत. उद्या उजेडात बघ.

पहाटे तो जिना उतरला. हातातला डबा हलका दिसत होता. 'जुळलं, काका' म्हणेल म्हणून मी खुर्चीतून उठलो. त्याने दार उघडलं, बाहेर पडला, पण दार सोडलं नाही. धरून उभा राहिला. मागून कुणी येत असलं की धरतो, तेवढाच वेळ.

मग दार हळूच लावलं, आणि रस्त्याच्या कडेने, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून चालत गेला.